लिफ्ट झाली, आता आर्मचं काय?

या वेळच्या पत्रांत तक्रार बहुतेक एकच आहे. गाडी उचलून घेतली (म्हणजे लिफ्ट केली), टायर मोठे टाकले आणि गाडी पहिल्यासारखी चालेना. मग कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला चॅसिसशी जोडणारे दांडे, बदलायचे का, कोणते, कुणाकडून बनवायचे, असे प्रश्न. उत्तरांआधी एक सांगून ठेवतो. आर्म बदलल्यानं गाडी उंच होत नाही आणि दणकटही होत नाही. लिफ्टमुळे बिघडलेले कोन जागेवर आणणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे ज्यांनी पत्रात कॅस्टरचा (स्टिअरिंगच्या आसाच्या मागे कलण्याचा) आकडा लिहिला, त्यांना नेमकं उत्तर देता आलं. बाकीच्यांना आधी मोजायलाच सांगावं लागलं.

प्रश्न : २०२१ ची थार आहे. पुढे शॉकअपवर २५ मिमीचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) टाकले, मागे स्प्रिंग बदलल्या. आता उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून जाताना पुढचं चाक खाली सुटलं की ‘टक्’ असा लोखंडी आवाज येतो. हायवेला स्टिअरिंग वळवून सोडलं तर आपोआप सरळ होत नाही. गॅरेजवाले म्हणतात अप्पर आर्मची जोडी बदला. खरंच गरज आहे का? — माजलगाव, जि. बीड

दोन्ही खुणा अप्पर आर्मकडे बोट दाखवतात. तरी पैसे मोजायच्या आधी अर्धा तास काढून एक तपासणी करा.

आधी स्पेसरचा हिशेब. २५ मिमीचा स्पेसर म्हणजे २५ मिमी लिफ्ट नव्हे. थारला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर आणि खाली एकेक आर्म) आहे आणि शॉकअपचा खालचा पाय लोअर आर्मवर चाकापासून बराच आत बसतो. तिथे जागा थोडी हलली तरी चाकापाशी जास्त हलते. शॉकअप १ मिमी दबायला चाक समजा १.८ मिमी वर जात असेल, तर २५ मिमीच्या स्पेसरनं गाडी ४५ मिमी उठली. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून मूळ अंतराशी ताडून बघा, म्हणजे तुमचा खरा आकडा कळेल. दुसरी गोष्ट अशी की स्पेसर वरून बसतो, शॉकअपची लांबी तीच राहते. म्हणून चाक पूर्वी जिथे थांबायचं त्याच्याही खाली लटकायला लागतं. त्या जास्तीच्या लटकण्यात अप्पर आर्म स्प्रिंगला किंवा शॉकअपच्या बुरुजाला टेकतो, नाहीतर बॉल जॉइंटचा (आर्मच्या टोकाच्या गोळ्याच्या सांध्याचा) दांडा आपल्या वाटीच्या काठाला जाऊन अडतो. तुमचा ‘टक्’ बहुधा यातलाच एक.

कोणता, ते शोधायला गाडी चॅसिसखाली घोडीवर ठेवा, चाक काढा, लोअर आर्म पूर्ण खाली लटकू द्या. टॉर्च मारून अप्पर आर्मच्या आतल्या कडेवर आणि स्प्रिंगच्या वेढ्यावर चमकणारी घासलेली जागा दिसते का बघा. दिसत नसेल तर दोन्हीवर खडू फासा, गाडी एकदा चाकोरीतून फिरवून आणा आणि परत बघा. खडू पुसला गेला की आर्म स्प्रिंगवर आदळतोय. खडू जागेवर असेल तर बॉल जॉइंटचा बूट (रबरी टोपी) एका बाजूला चिमटला जातोय का पाहा. आणि दोन्ही ठिकाणी काही नसेल, तर शॉकअपच आतून टोकाला आपटतोय. त्याला आर्म बदलून काही फरक पडणार नाही, बरोबर लांबीचा शॉकअपच घ्यावा लागेल. घाईघाईत आर्म घेणाऱ्यांची फसगत नेमकी इथे होते.

स्टिअरिंग परत न येणं ही कॅस्टर कमी झाल्याची खूण. सायकलचा पुढचा फोर्क मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहू बघतं. तसाच कल नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या तुकड्याच्या, वरच्या-खालच्या बॉल जॉइंटमधून जाणाऱ्या रेषेला असतो. लिफ्ट केली की हा कल कमी होतो. अलाइनमेंटवाल्याकडे जाण्याआधी विचारून घ्या की त्याच्याकडे चाकाखाली ठेवायच्या फिरत्या पट्ट्या आहेत का. कॅस्टर मोजायला चाक दोन्हीकडे ठरावीक अंश वळवावं लागतं. पुष्कळ ठिकाणी ‘अलाइनमेंट’ म्हणजे नुसता टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) जुळवून देतात आणि कॅस्टरचा रकाना कोराच राहतो. छापील कागद हातात घ्या. कॅस्टर कंपनीच्या मर्यादेत येत नसेल, किंवा डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल, तरच आर्मचा विचार करा. कॅम्बर (चाकाचा उभा कल) आत जाईल की बाहेर, हे तुमच्या उंचीला आर्म कुठल्या कोनात उभे आहेत त्यावर ठरतं. अंदाज बांधू नका, कागद वाचा.

आर्म घेताना तीन गोष्टी बघा. बॉल जॉइंटची वाटी खालच्या बाजूला कललेली असावी, म्हणजे चाक लटकलं तरी दांडा मध्यावर राहतो. आर्मला स्प्रिंगजवळ पुरेसा खळगा असावा. आणि बॉल जॉइंट मागच्या बाजूला किती सरकवलाय, म्हणजे कॅस्टर किती अंशांनी वाढेल, हे विकणाऱ्यानं आकड्यात सांगितलं पाहिजे. ‘थोडा वाढतो’ एवढ्यावर माल घेऊ नका. असे आर्म डावा-उजवा वेगळे असतात. उलटे बसले तर कॅस्टर आणखी कमी होतो, आणि हा घोळ बऱ्याचदा अलाइनमेंटच्या टेबलावरच उघड होतो.

आता बसवणी. गाडी सपाटीवर, चाकांवर उभी असतानाच हब ते मडगार्डचं अंतर दोन्ही बाजूंना लिहून ठेवा, हा आकडा शेवटी लागतो. गाडी घोडीवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा आणि लोअर आर्मखाली वेगळा जॅक टेकवा. एबीएसची वायर आणि ब्रेक होजचा ब्रॅकेट आर्मवरून आधी सोडवा. बॉल जॉइंटचा नट चार-पाच फेरे सैल करा, पण काढू नका. मग नकलच्या कानावर बाजूनं हातोडीचे दोन नेमके फटके द्या किंवा पुलर लावा, टेपर (दांड्याचा घट्ट बसलेला निमुळता भाग) सुटतो. आट्यांवर मारलं तर दांडा बाद झालाच समजा. नट पूर्ण काढायच्या आधी नकल तारेनं वर बांधा. मोकळा नकल बाहेर कलंडला तर ब्रेक होज ताणला जातो आणि सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) आतून निसटू शकतो. आर्मच्या बोल्टवर एक्सेंट्रिक वॉशर (कोन जुळवायचे, भोक मध्यावर नसलेले) असतील तर काढण्याआधी पेंटनं खूण करा.

नवा आर्म लावल्यावर बुशचे (आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट आधी नुसते हातानं बसवा. बॉल जॉइंटचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढेच आवळा, जुळवण्यासाठी कधीही मागे फिरवू नका. बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच घट्ट करायचे. रबरी बुश फिरत नाही, तो पिळला जातो. चाक लटकलेलं असताना आवळलात, तर गाडी खाली उतरताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि थोड्याच महिन्यांत फाटतो. गाडी खाली असताना पाना पोचत नसेल तर लोअर आर्म जॅकनं एवढा उचला की सुरुवातीला लिहिलेलं अंतर बरोबर येईल, आणि मग आवळा. शेवटी चाक पूर्ण लटकवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. ब्रेक होज कुठे ताणला जातोय का, सीव्हीचा बूट चिमटतोय का, ते बघा. मग अलाइनमेंट. १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, आणि ५०० नंतर आणखी एकदा.

प्रश्न : जिम्नीला ५० मिमीच्या स्प्रिंग टाकल्या. लातूर-नांदेड रस्त्यावर ८०-९० च्या वेगाला गाडी भटकते, सारखं स्टिअरिंग सावरावं लागतं. ऑफसेट बुश (भोक मध्यावरून सरकवलेले) स्वस्त पडतात, पूर्ण आर्म महाग. काय घ्यावं? — अहमदपूर, जि. लातूर

जिम्नीचा मामला थारहून वेगळा. पुढे-मागे अखंड ॲक्सल, स्प्रिंगवरच्या प्रत्येक ॲक्सलला दोन लांब आर्म आणि ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा एक आडवा पॅनहार्ड रॉड. पुढचा आर्म ॲक्सलला दोन बुशांनी घट्ट धरलेला असतो, त्यामुळे आर्म जितका कलेल तितकाच अख्खा ॲक्सल फिरतो. हिशेब सरळ आहे. लिफ्ट भागिले आर्मची लांबी, गुणिले ५७. लांबी ॲक्सलवरच्या दोन बुशांच्या मधल्या जागेपासून चॅसिसच्या बुशपर्यंत टेपनं मोजा. समजा ती ७०० मिमी भरली, तर ५० ÷ ७०० × ५७ म्हणजे साधारण ४ अंश कॅस्टर गेला. एवढा गेल्यावर गाडी भटकणारच.

हिशेबात निघालेला तोटा ऑफसेट बुशनं भरून निघत असेल, तर तुमच्या वापराला बुश पुरेत. पण ते हायड्रॉलिक प्रेसवर बसवावे लागतात आणि त्यांच्या काठावरची खूण नेमक्या दिशेला यावी लागते. हातोडीनं ठोकून, खूण न बघता बसवलेले बुश कॅस्टर उलटा कमी करतात. तोटा बुशच्या आवाक्याबाहेर असेल, किंवा पुढे आणखी उंची वाढवायचा बेत असेल, तर आर्मच घ्या.

एक अडचण मात्र विकणारे सहसा सांगत नाहीत. लिफ्टनं ॲक्सल फिरतो तेव्हा कॅस्टर कमी होतो, पण डिफरन्शियलचं तोंड ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीकडे) वर उठतं, आणि ती ताकद पोचवणाऱ्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टला ते सोयीचंच असतं. कॅस्टर परत आणला की ते तोंड पुन्हा खाली जातं आणि शाफ्टच्या सांध्याचा कोन वाढतो. म्हणून कॅस्टर पुरा मूळ आकड्यावर आणायचा हट्ट धरू नका. कंपनीच्या मर्यादेच्या खालच्या टोकापाशी गाडी सरळ धावत असेल तर तिथेच थांबा. आमच्या मते जिम्नीला ५० मिमी ही शहाण्या माणसाची सीमा आहे.

पॅनहार्ड रॉडमुळे लिफ्टबरोबर ॲक्सल बाजूलाही सरकतो, पण लोक घाबरतात तितका नाही. रॉड ९०० मिमीचा आणि त्याच्या दोन टोकांच्या उंचीतला फरक ४० वरून ९० मिमी झाला, तर ॲक्सल सरकतो जेमतेम साडेतीन मिमी. ॲडजस्टेबल रॉडनं तो मध्यावर आणता येतो. स्टिअरिंग वाकडं राहिलं तर ड्रॅग लिंकनं (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यानं) सरळ करा, स्टिअरिंगचं चाक काढून दाते बदलून बसवू नका. नाहीतर ईएसपीला (गाडी घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला) स्टिअरिंग वळलेलंच आहे असं वाटतं आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. भटकणं सोडून स्टिअरिंग जोरजोरात थडथडत असेल, तर पॅनहार्डचे बुश-बोल्ट, टाय रॉड एंड आणि चाकांचं बॅलन्सिंग आधी बघा. नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवला की ते दुखणं फक्त झाकलं जातं.

प्रश्न : जुन्या जिप्सीला कंट्रोल आर्मचं किट कुठे मिळेल? — हिंगोली

मिळणार नाही, कारण जिप्सीला आर्मच नाहीत. ॲक्सल लीफ स्प्रिंगच्या पाट्यांवरच धरलेला असतो. लिफ्टनंतर कॅस्टर गेला असेल तर पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये लोखंडी पाचर बसवतात. पाचरीचं जाड तोंड पुढे की मागे, हे आधी मोजूनच ठरवा, आणि पाचर यू-बोल्टखाली सरकू नये म्हणून पाट्याच्या मधल्या बोल्टमध्येच अडकवा.

प्रश्न : जालन्यात ओळखीचा लेथवाला आहे. तो म्हणतो, स्कॉर्पिओचे मागचे ॲडजस्टेबल आर्म निम्म्याहून कमी पैशात बनवून देतो. पाइप तिथलाच, टोकाला बाजारातले रॉड एंड (गोळा-वाटीचे सांधे). बनवू का? — अंबड, जि. जालना

लेथवाल्याच्या हाताबद्दल शंका नाही, माल कुठला येणार याची आहे. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, पण तिथल्या मिलमधून जे निघतं त्यात मोठा वाटा बांधकामाच्या सळईचा. टीएमटी सळईची ताकद तिच्या बाहेरच्या कडक सालीत असते. ती लेथवर सोलली की आत मऊ गाभा उरतो. तेव्हा ‘जाड सळईच्या आट्या पाडून देतो’ असं कुणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा. पाइपही शिवणीचा नको, सीमलेस हवा. लोअर आर्मला दगडावर आपटायचं असतं, म्हणून भिंतीची जाडी ५-६ मिमी असावी. अप्परला कमी चालेल.

असे आर्म मोडतात ते बहुतेक आट्यांच्या मुळाशी. दांडा आत किती शिरलाय, ते मोजा. व्यासाच्या निदान दीडपट आटे आत हवेतच, म्हणजे २२ मिमीच्या दांड्याला ३३ मिमी. लांबी वाढवताना लोक हेच विसरतात. आर्म बाहेरून दिसतो छान, आत चारच आटे धरून असतात. लॉकनट रोज सैल होत असेल तर टोकाचे दोन रॉड एंड एकमेकांशी सरळ रेषेत नाहीत आणि आर्म पिळला जातोय, असं समजा. बोल्ट १०.९ दर्जाचे घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. कोरा बोल्ट नको.

आणि रॉड एंड. काळ्या मातीच्या भागात उघडा रॉड एंड रोजच्या गाडीला आम्ही सुचवणार नाही. ही माती ओली असताना मेणासारखी चिकटते, वाळली की आकसून कडक होते, आणि गोळा व वाटीमधल्या फटीत ती बसली की एका पावसाळ्यात सांधा खडखडायला लागतो. त्यापेक्षा एका टोकाला रबरी बुश आणि दुसऱ्या टोकाला ग्रीस निपल असलेला बंद सांधा, ही जोडी मराठवाड्यात जास्त टिकते. टेफ्लॉन अस्तराचा गोळा असेल तर त्याला ग्रीस घालूच नका, ग्रीस धूळ धरून ठेवतं. धुऊन कोरडा करा, बस्स.

मागचे आर्म या अटींवर बनवायचे असतील तर बनवा. पण पुढचा अप्पर आर्म कापून, सरकवून, वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला मात्र सरळ नाही म्हणा. तो सुटला तर चाकच कलंडतं.

प्रश्न : आरटीओची काही अडचण येते का? — धाराशिव

येऊ शकते. नोंदणी प्रमाणपत्रातल्या, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. झिजलेल्या आर्मच्या जागी तसाच आर्म घालणं वेगळं, गाडी उंच करणं वेगळं. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा.

प्रश्न : थारला मागे ॲडजस्टेबल अप्पर आर्म टाकले. तेव्हापासून ७० च्या वेगाला सीटखाली गुणगुणल्यासारखं कंपन येतं. टायर बॅलन्स करून झाले. — वैजापूर, जि. छत्रपती संभाजीनगर

टायरचा दोष नाही, हे तुम्ही ‘गुणगुणणं’ लिहिलंय त्यावरूनच कळतं. २४५/७५ आर १६ चा टायर ताशी ७२ किमीला सेकंदाला आठेक फेरे घेतो. त्याचा हादरा संथ असतो आणि पुढच्या टायरचा असेल तर स्टिअरिंगला कळतो. डिफरन्शियलचं प्रमाण ४ धरलं तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी ३३ फेरे घेतो आणि त्याचा सांधा प्रत्येक फेऱ्यात दोनदा झटका देतो. ही बारीक गुणगुण फरशीतून आणि सीटमधून येते.

कारण पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलच्या तोंडाशी शाफ्टला जोडलेल्या दांड्याचा, कोन. शाफ्टच्या दोन्ही टोकांना साधा एकेरी सांधा असेल तर ट्रान्सफर केसचा निघता दांडा आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत, फरक एका अंशाच्या आत. ट्रान्सफर केसच्या बाजूला दुहेरी सांधा असेल तर मात्र पिनियन थेट शाफ्टच्या दिशेनं रोखलेला हवा. आधी खाली वाकून सांधा कोणता ते बघा. मग डिजिटल कोनमापक, नसेल तर मोबाइलमधली लेव्हल, दोन्ही फ्लँजच्या सपाट तोंडावर टेकवून कोन घ्या. गाडी चाकांवर उभी असली पाहिजे, लटकत्या ॲक्सलवर घेतलेला कोन फुकट.

अप्पर आर्म लांब केले की ॲक्सलचा माथा मागे जातो आणि पिनियन वर उठतो. आखूड केले की पिनियन खाली. अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं जा, प्रत्येक वेळी गाडी हलवून पुन्हा मोजा. डावा आणि उजवा आर्म भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत एका मिमीच्या आत सारखा हवा. तो नसेल तर आर्मचे बुश कायम एकमेकांशी झगडत राहतात. लोअर आर्मलाही हात लावला असेल तर दोन्ही बाजूंचा व्हीलबेस टेपनं मोजा, नाहीतर गाडी तिरपी धावेल. एवढं करूनही गुणगुण राहिली, तर शाफ्ट काढताना खूण न करता दाते बदलून बसवला गेलाय का ते तपासा. दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे काटे) एका रेषेत दिसले पाहिजेत.

प्रश्न : पॉलीबुश (पॉलियुरेथेनचे बुश) टाकले, पहिल्या पावसानंतर कर्रकर्र आवाज सुरू. परत रबरी घालावेत का? — गंगाखेड, जि. परभणी

आवाज येतो तो बहुधा ग्रीस धुऊन गेल्यामुळे. रबरी बुश पिळला जातो, पॉलीबुश मधल्या नळीभोवती फिरतो, म्हणून त्याला वंगण लागतंच. साधं पिवळं ग्रीस पाण्यानं निघून जातं. सिलिकॉनचं, पाण्याला टिकणारं ग्रीस आणा, बोल्ट काढा, नळी पुसून आतून-बाहेरून माखा. नळीवर गंजाचे खड्डे पडले असतील तर ग्रीस लावण्यात अर्थ नाही, नळी बदला.

रबरीकडे परत जायचं का, हे गाडीवर ठरतं, आणि ती कोणती हे तुम्ही लिहिलेलं नाही. जिम्नीसारख्या गाडीत पुढच्या ॲक्सलची चाकं वर-खाली वाकण्याची सगळी मुभा आर्मच्या बुशांतच असते. तिथे कडक पॉली घातला की एक चाक बांधावर चढताना दुसरं लवकर उचललं जातं आणि सगळा ताण चॅसिसवरच्या कानांवर येतो. अशा गाडीला आम्ही रबरीच सुचवू. डबल विशबोनच्या आर्मला पॉली चालतो. कोणताही असो, पांदणीतून आल्यावर माती ओली असतानाच आर्मच्या वरच्या खळग्यातून आणि बॉल जॉइंटच्या बुटाभोवती साध्या नळीनं पाणी मारा. सर्व्हिसिंगचा प्रेशर गन बुटाच्या काठावर रोखू नका, पाणी आत शिरतं.